दरसाल दोन टेमघर

ज्या तालुक्याच्या पश्चिम अंगास, ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर, पर्जन्यराज ज्येष्ठाच्या अखेरीस मुक्कामास येतात ते घटस्थापनेपर्यंत हलण्याचे नाव काढीत नाहीत, आणि ज्यांच्या एका मुक्कामाची मोजदाद कित्येक वर्षी सहा हजार मिलिमीटरांची मर्यादा ओलांडून जाते, त्याच मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत, ताम्हिणीपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर, चैत्र-वैशाखात टँकरामागे टँकर उभे असलेले पाहून परगावच्या पाहुण्यास जो अचंबा वाटतो, तो आम्हा स्थानिकांस वाटत नाही. याचे कारण आमची स्थितप्रज्ञता नव्हे. पाणी आकाशातून पडणे आणि पाणी नळाला येणे या दोन घटनांमध्ये काही कार्यकारणसंबंध असतो, ही भाबडी समजूत आम्ही फार पूर्वीच टाकून दिलेली आहे.

वस्तुतः मुळशीच्या पाण्याला माहेर सोडून जाण्याची सवय शंभर वर्षांपूर्वीच लावण्यात आली. नीला आणि मुळा यांच्या संगमावर टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा ज्यांची भातखाचरे त्या पाण्याखाली जाणार होती त्या मावळ्यांनी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी चिकटली ती याच लढ्यात. तीन वर्षे झुंज देऊन लढा संपला, धरण उभे राहिले, आणि 1927 पासून मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिरे येथे उतरून मुंबईचे दिवे लावू लागले. पूर्ववाहिनी म्हणून जन्मास आलेल्या नदीने आपले पाणी पश्चिमेस धाडावे हा प्रकार कोणास रुचो वा न रुचो, त्यास गळती म्हणता यावयाचे नाही. कारण त्या पाण्याची रोजच्या रोज नोंद होते, किती पाण्यातून किती वीज निघाली याची रुजुवात घातली जाते, आणि एखाद्या दिवशी मेळ बसला नाही तर कोणीतरी कोणासतरी जाब विचारतो. मी ज्या पाण्याविषयी लिहिणार आहे, त्याच्या बाबतीत यांतील एकही गोष्ट घडत नाही.

जाब न विचारण्याचा आरंभ कोठून व्हावा याविषयी आमच्याकडे कसलाही आपपरभाव नाही; तो थेट धरणापासून होऊ शकतो. याच तालुक्यात मुठा नदीवर टेमघर नावाचे धरण आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे मिळून पुणे शहराची तहान भागवितात. चारींची एकत्र साठवण 29.15 अब्ज घनफूट, आणि तीत टेमघरचा वाटा 3.71 अब्ज घनफुटांचा. 2000 सालाच्या सुमारास या धरणात पाणी अडू लागले, आणि अडलेले पाणी भिंतीतूनच बाहेर येत आहे हेही यथावकाश दिसू लागले. धरणाची भिंत ही पाणी अडविण्यासाठी असते असा एक समज स्थापत्यशास्त्रात रूढ आहे. टेमघरच्या भिंतीने तो सर्वस्वी मान्य केलेला नव्हता. 2016 साली तर सेकंदाला अडीच हजार लिटरांच्या आसपास पाणी गळत असल्याचे आकडे वर्तमानपत्रांतून झळकले, भिंतीवरून उतरणाऱ्या धारांची छायाचित्रे छापून आली, अधिकारी आणि ठेकेदार यांच्यावर फौजदारी गुन्हा नोंदला गेला, आणि ज्या धरणाची ख्याती तोपर्यंत लवासाला जाताना डाव्या-उजव्या हाताला लागणारे एक धरण एवढीच होती, ते एकाएकी घराघरांत चर्चिले जाऊ लागले.

न्यायबुद्धीने पाहता मात्र या गळतीच्या पदरात एक पुण्य टाकलेच पाहिजे. टेमघरच्या भिंतीतून निसटलेले पाणी मुठेच्या पात्रात पडते, आणि मुठेच्या पात्रातून ते खडकवासल्याच्या जलाशयात जाते. म्हणजे दरवाजातून रीतसर सोडले असते तरी ते जेथे जाणार होते तेथेच ते जाते. पुणे जिल्ह्यातील असंख्य गळत्यांमध्ये इच्छित स्थळी पोहोचणारी अशी ही एकमेव गळती असावी. तिचा दोष इतकाच, की खडकवासला स्वतःच काठोकाठ भरून पुढे नदीत पाणी सोडीत असतो अशा श्रावण-भाद्रपदातही ती तेथे जाऊन हजर होते, आणि फाल्गुनात तिची खरी आवश्यकता निर्माण होते तेव्हा देण्यासारखे तिच्यापाशी काही उरलेले नसते. सरकारी व्यवस्थेत वेळेच्या आधी पोहोचणारी वस्तू क्वचितच आढळते. आढळली ती नेमकी ही.

पुढे दुरुस्ती निघाली. भिंतीत भोके पाडून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाखाली आत सोडावयाचे, आणि पाण्याकडील अंगास काँक्रीटचा लेप फवारावयाचा, अशी ती योजना. या कामासाठी धरण रिकामे असावे लागते. म्हणून गळती थांबविण्यासाठी आधी सगळेच पाणी सोडून द्यावे लागे, आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा भरले की दुरुस्ती कितपत साधली हे कळे. हा क्रम काही वर्षे चालला. गळतीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग बंद झाल्याचे जलसंपदा खात्याने नंतर जाहीर केले, आणि ते मला खरेही वाटते. कारण येथे खात्यापाशी मोजणी होती. भिंतीतील मार्गिकेत जमणारे पाणी मोजून, गतवर्षी इतके आणि यंदा इतके, असे आकडे मांडता येत होते. जे मोजले गेले ते कमी झाले, एवढी नोंद वाचकांनी मनाशी करून ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

खडकवासल्याहून पुढे हे पाणी शहराच्या वाटेला लागते, आणि तेथे त्यास प्राणिसृष्टी आडवी येते. 27 सप्टेंबर 2018 रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीजवळ फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातील शेकडो घरांत पाणी शिरले. लोकांचे धान्य, कपडे, मुलांची दप्तरे वाहून गेली. त्या प्रसंगी तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी जी कारणमीमांसा केली तीत उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी भिंत पोखरल्याचा उल्लेख होता. भिंतीलगत घुशी बिळे करतात हे खोटे नव्हे. परंतु ज्या कालव्याच्या देखभालीस एक संपूर्ण खाते, त्या खात्यास विभाग, विभागास उपविभाग आणि उपविभागास शाखा जोडलेल्या आहेत, तेथे अखेरीस खेकड्यास जबाबदार धरण्यात यावे, यात त्या प्राण्याच्या कार्यक्षमतेचा जो गौरव आहे तो मनुष्यप्राण्यास विचार करावयास लावणारा आहे. खेकड्यावर विभागीय चौकशी बसविता येत नाही, ही गोष्टही त्या मीमांसेच्या लोकप्रियतेस काही अंशी कारण झाली असावी.

असो. धरण आणि कालवा ही उघड्यावरची प्रकरणे. ती फुटली तर छायाचित्रे तरी निघतात. खरी गळती भूमिगत असते, आणि तिचे आकारमान कळण्यासाठी अंकगणिताखेरीज साधन नाही. पुणे महानगरपालिका दररोज दीड हजार दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी उचलते, आणि त्यांतील सुमारे 35 ते 40 टक्के पाणी वाटेत नाहीसे होते असे गेली कित्येक वर्षे पालिकेच्याच योजनांच्या कागदांतून आणि वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळत आले आहे. त्रैराशिकाची भीती नसणाऱ्या कोणासही यावरून असे दिसून येईल की वर्षाकाठी हरवणारे पाणी सात अब्ज घनफुटांच्या घरात जाते. म्हणजे टेमघर धरण शिगोशीग भरून दोनदा रिकामे करावे इतके. टेमघरच्या भिंतीतून सेकंदाला अडीच हजार लिटर निघाले तर फौजदारी दाखल झाली. दरसाल दोन अख्खी टेमघरे नळांतून नाहीशी होतात, तर तिकडे ‘तांत्रिक तूट’ असे सोज्वळ नाव देऊन खालच्या रकान्यात त्यांची वासलात लावली जाते.

ही तूट होते कशी, हे समजून घेण्यास अभियंता असण्याची जरुरी नाही. नळाला पाव इंचाचे एक छिद्र पडले, आणि आतील दाब दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर कसेबसे पाणी चढेल इतका असला, तर दिवसरात्रीत वीस हजार लिटरांच्या आसपास पाणी त्यातून निघून जाते. शहरी माणसाला रोज 135 लिटर पाणी मिळावे असा केंद्र सरकारचा मापदंड आहे; तेव्हा करंगळीचे टोक अडकावे एवढे ते छिद्र सुमारे दीडशे माणसांचा शिधा एकटे खाऊन मोकळे होते. जुन्या बिडाच्या नळांचे जोड सैल झालेले असतात, घरगुती जोडणी जेथे मुख्य नळास मिळते तेथील खोगीर गंजलेले असते, दूरध्वनीच्या तारा पुरणाऱ्याची कुदळ दोन वर्षांपूर्वी नळास निसटती लागून गेलेली असते, आणि वरून डांबराचा थर इतका सुबक झालेला असतो की खाली काय चालले आहे याचा सुगावा कोणास लागू नये.

मला ज्या गळतीचा दीर्घ सहवास लाभला, ती पौड रस्त्यालगतच्या एका गावात, चौकाच्या कोपऱ्यावर होती. तिचा जन्म पावसाळ्यात झाला असावा, कारण तिच्याकडे प्रथम कोणाचेच लक्ष गेले नाही. माघ महिना उजाडला, भोवतालचे सगळे वाळून कोळ झाले आणि तो एक कोपरा तेवढा ओलाच राहिला, तेव्हा लोक तिच्याकडे कौतुकाने पाहू लागले. नंतर तिच्याभोवती एक संसारच उभा राहिला. चहाच्या टपरीवाला तिच्यात पेले विसळू लागला; रिक्षावाले सकाळच्या पहिल्या भाड्यापूर्वी तेथे रिक्षा धुऊन घेऊ लागले; दुपारी दोन म्हशी येऊन त्या चिखलात निश्चिंतपणे बसू लागल्या; आणि कोणा दूरदृष्टीच्या गृहस्थाने रस्त्याच्या कडेस अळूचे कंद लावले, ज्यांची पाने पुढे इतकी भरदार निघाली की गावातील एका लग्नाच्या पंक्तीत त्यांचे फदफदे वाढले गेले आणि त्याची वाहवाही झाली. त्या पंक्तीत पाणीपुरवठ्याशी संबंधित असलेली दोन अधिकारी माणसे जेवावयास होती. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

मी अर्ज केला. ज्या कचेरीत केला तिचे नाव सांगत नाही. कारण दोष तिचा एकटीचा नव्हता, आणि ती माणसे स्वभावाने अत्यंत गोड होती. बारनिशीच्या कारकुनाने अर्ज दाखल करून घेतला, शिक्का मारला, पोच दिली, आणि सदर नळ आपल्या हद्दीत येतो किंवा कसे याची शहानिशा करण्यासाठी प्रकरण शाखेकडे रवाना केले. शाखेने असा अभिप्राय दिला की रस्ता आपला असला तरी रस्त्याखालील नळ आपला असल्याचे दप्तरी दिसून येत नाही. मग मी दुसऱ्या कचेरीत गेलो. तेथे नळ आपला असल्याचे मोठ्या अभिमानाने मान्य करण्यात आले, परंतु तो ज्या जागी फुटला आहे ती जागा रस्त्याची असल्यामुळे खोदाईचा परवाना पहिल्या कचेरीने दिल्याखेरीज हात लावता येत नाही, असे समजले. पहिल्या कचेरीने परवान्यासाठी नळाच्या मालकाचा अर्ज मागितला. दुसरीने अर्ज देण्यापूर्वी गळतीचे पाणी खरोखर आपल्याच नळाचे आहे, शेजारच्या कारखान्याच्या नळाचे किंवा एखाद्या जुन्या विहिरीच्या झऱ्याचे नाही, हे सिद्ध होणे आवश्यक असल्याचे कळविले. पाणी चाखून पाहावे, अशी सूचना मी केली. ती टिपणीवर घेण्यात आली.

मध्यंतरी एक दिवस व्हॉल्व्ह उघडणारा इसम चौकात भेटला. या माणसाची महती शहरातील वाचकांस कळावयाची नाही. आयुक्त बदलतात, अभियंते बदलतात, नकाशे हरवतात; कोणता नळ कोठून कोठे गेला आहे हे अखेर या एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि त्याच्या हातातील ती लांब दांड्याची चावी हा आमच्याकडील एकमेव खरा राजदंड होय. त्यास मी म्हणालो, “भाऊ, आमच्याकडे आज पाणी नाही.”

“काका, साडेपाचालाच सोडलंय की मी. तुमच्याकडं चढत नसंल.”

“चढेल कसे? सगळे इथेच चौकात चालले आहे.”

त्याने त्या अळूकडे बराच वेळ पाहिले. “हितलं थांबवलं ना काका,” तो म्हणाला, “तर म्होरं शाळेपाशी फुटंल. जुनी लाइन हाय. हितं गळतंय त्येच बरंय.”

अभियांत्रिकीची पुस्तके वाचल्यावर मला उमगले की तो माणूस जे बोलला ते अगदी शास्त्रोक्त होते. एक छिद्र बुजविले की आतील दाब वाढतो, आणि वाढलेला दाब पुढील अशक्त जागा शोधून काढतो. म्हणून छिद्रे बुजविण्याबरोबरच दाबाचे नियमन करावे लागते, रात्री मागणी ओसरली की तो उतरवावा लागतो. फरक इतकाच, की पुस्तकात या ज्ञानाचा निष्कर्ष दाबनियंत्रक झडप बसवावी असा काढलेला आहे, आणि भाऊंनी तो काहीच करू नये असा काढला होता.

आमच्या गळतीच्या जोडीला आमची पाणी सोडण्याची रीतही आहे. दिवसातून दोन तास पाणी आणि बावीस तास वारा, अशी ज्या नळाची दिनचर्या असते, त्याच्या तोट्या कोणी बंद करीत नाही. पाणी केव्हा येईल याची शाश्वती नसल्यामुळे तोटी उघडी आणि खाली बादली, अशा सावध पवित्र्यात घरे झोपतात, आणि पहाटे पाणी येऊन बादली भरून वाहून न्हाणीच्या मोरीतून निघून गेल्यावर जागी होतात. नंतर काल भरून ठेवलेले पाणी शिळे झाले म्हणून ओतून देण्याचा विधी होतो. ज्या गृहिणीने ते काल अर्धा तास रांगेत उभे राहून भरलेले असते, तीच आज ते निर्विकारपणे अंगणात फेकते, कारण ताजे आले आहे. यात जे थोडे पाणी नळात शिल्लक राहते ते ओढून घेण्यासाठी ज्याच्या त्याच्या जोडणीवर थेट मोटार बसविलेली असते, आणि शेजाऱ्याने अर्ध्या अश्वशक्तीची बसविली म्हणून आपण एकीची बसवावी, अशी जी स्पर्धा आळीत चालते तिच्यापुढे ऑलिंपिकचे सामने फिके पडतील. आणि पाणी बंद झाल्यावर? नळ रिता होतो, आत पोकळी निर्माण होते, आणि ज्या छिद्रातून सकाळी स्वच्छ पाणी बाहेर गेले त्याच छिद्रातून शेजारच्या गटाराचे पाणी आत येते. पाऊस सुरू होताच दवाखान्यांत जी गर्दी होते तिच्यातील एक हिस्सा या परतीच्या वाहतुकीचा असतो. या बाबतीत विनोद करण्याची मला इच्छा नाही.

कऱ्हाडनजीकच्या मलकापूरने ही रीत मोडून दाखविली. सातारा जिल्ह्यातील या लहानशा गावाने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाणी आणि प्रत्येक जोडणीस मीटर, अशी व्यवस्था दीड दशकापूर्वी उभी केली. अहोरात्र पाणी दिले तर लोक अहोरात्र पाणी उधळतील अशी जी भीती सर्वत्र व्यक्त होत असते, तिचा तेथे अनुभव आला नाही. पाणी कधीही मिळते म्हटल्यावर कोणी साठविले नाही. साठविले नाही म्हणून कोणी शिळे म्हणून ओतले नाही. आणि जास्त वापराला जास्त दर लागतो हे कळल्यावर तोट्या मिटू लागल्या.

आता गळती शोधण्याच्या विद्येविषयी. ही विद्या मुख्यतः रात्री चालते. मध्यरात्रीनंतर दोन ते चार या वेळेत सज्जन माणसे झोपलेली असतात, कोणी भांडी घाशीत नाही, कोणी स्नान करीत नाही. तेव्हा एखाद्या वस्तीकडे जाणारे पाणी त्या प्रहरी मोजले आणि तरीही काटा फिरताना दिसला, तर तो जवळजवळ सर्वस्वी गळतीचाच काटा समजावा, असे हे सरळ तर्कशास्त्र आहे. यासाठी सगळ्या शहराचे लहान लहान गाळे पाडावे लागतात, प्रत्येक गाळ्यात पाणी एकाच वाटेने शिरेल अशी तजवीज करावी लागते, आणि त्या वाटेवर मीटर बसवावा लागतो. नंतर गाळ्यातील एकेक गल्ली क्रमाने बंद करीत गेले की कोणती गल्ली बंद करताच काटा निवतो ते कळते, आणि त्या गल्लीत एक मनुष्य लोखंडी कांडीचे एक टोक नळावर आणि दुसरे कानावर धरून पावलापावलाने ऐकत जातो. जमिनीखालील छिद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा एक बारीक सूंकार असतो. सरावलेल्या कानास तो पाचदहा फुटांच्या फरकाने जागा सांगतो. 1945 साली, युद्धाने भाजून निघालेल्या टोकियो शहरात नळाला सोडलेल्या पाण्यापैकी 80 टक्के पाणी वाया जात होते. रात्रीच्या या श्रवणभक्तीने आणि जुने नळ न थकता बदलीत राहिल्याने तेथील गळती आज तीन टक्क्यांच्या आसपास आलेली आहे.

आमच्याकडे रात्रीच्या दोन वाजता तो कांडीवाला गल्लीत निघाला तर त्यास काय ऐकू येईल, याची कल्पना मी करून पाहिलेली आहे. पहिल्या घरी मोटार, दुसऱ्या घरी मोटार, तिसऱ्या घरी गच्चीवरील टाकी भरून पन्हळीतून कोसळणारा प्रपात, चौथ्या घरी उघड्या तोटीतून येणारी हवेची शिट्टी. आणि कोपऱ्यावर, बसलेला एक कुत्रा वगळता, एवढ्या रात्री कान लावून फिरणारा हा इसम कोण याची चौकशी करावयास जमलेला सबंध समाज. नळाच्या सूंकारास तेथे वाव कोठून मिळावा?

म्हणून सारा मामला अखेर मीटरवर येऊन ठेपतो, आणि मीटर म्हटले की आमच्याकडील थोर माणसे दचकतात. हरवलेल्या पाण्याचे दोन भाग असतात. एक जमिनीत मुरते. दुसरे कोठेही मुरत नाही. ते कोणाच्या तरी टाकीत जाते, कोणाच्या तरी बागेस लागते, एका जोडणीचे पैसे भरून घेतलेल्या दोन जोडण्यांतून वाहते, आणि हिशेबात मात्र तेही गळतीच्या नावावर पडते. पहिल्या भागास फिटर पुरतो. दुसऱ्यास धैर्य लागते.

कंबोडियाच्या राजधानीत, नोमपेन्ह येथे, एक सोन चान नावाचा अभियंता 1993 साली पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला, तेव्हा तेथील 72 टक्के पाण्याचा पैसा वसूल होत नसे. त्याने प्रथम खात्यातील बेकायदा जोडण्या विकणाऱ्यांचा बंदोबस्त केला, चोरटी जोडणी कळविणाऱ्यास इनाम लावले, आणि घरोघर मीटर बसविण्यास निघाला. एका बड्या सेनाधिकाऱ्याच्या दारी मीटर बसू दिला जाईना, तेव्हा तो स्वतः गेला, आणि सेनाधिकाऱ्याने त्याच्या कपाळास पिस्तूल लावले. तो माघारी आला. परंतु अर्ज लिहावयास नव्हे. सशस्त्र पोलीस आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे घेऊन तो पुन्हा गेला, आणि सेनाधिकाऱ्याचे पाणी तोडले. पुढे त्या शहरातील तूट सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि 2006 साली त्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्याकडे पिस्तूल लावण्याची कोणास गरज पडत नाही. “साहेबांचा बंगला आहे” एवढे वाक्य पुरते, आणि ते साहेबांनी स्वतः उच्चारावेही लागत नाही.

पुण्यानेही कंबर कसलेली नाही असे नव्हे. समान पाणीपुरवठा योजनेचा खर्च अडीच हजार कोटींच्या वर गेलेला असून तीत 82 टाक्या, दीड हजार किलोमीटरांहून अधिक नवे नळ, 141 गाळे आणि तीन लाखांवर मीटर योजिले आहेत. त्यासाठी 2017 च्या जूनमध्ये पालिकेने 7.59 टक्के व्याजाचे 200 कोटींचे रोखे काढले आणि मुंबईच्या शेअर बाजारात समारंभाने घंटा वाजली. रोख्यांना मागणी कित्येक पट आली. ज्या पाण्याचा पत्ता लागत नाही त्याच्या आधारावर पैसा उभा करता येतो, ही गोष्ट नाना फडणविसांनादेखील सुचली नव्हती. त्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून दगडी भुयारी नळाने केवळ उताराच्या बळावर शहराच्या हौदांत पाणी येई, आणि मोटार लावून ते कोणास ओढता येत नसे. योजनेचे काम लांबले. मीटर बसविताना ठिकठिकाणी विरोध झाला. मुळशीची बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे 2021 साली पालिकेच्या हद्दीत गेली, आणि तेथील गृहसंस्थांचे पदाधिकारी टँकरवाल्याचा दूरध्वनी क्रमांक अद्याप पाठ म्हणून दाखवितात.

माझ्या मते नळ नंतर बदलले तरी चालतील. आधी सगळे मीटर बसवावेत, आणि त्यांतील पहिले शंभर ज्यांच्या दारी बसविण्यास कोणी धजत नाही त्यांच्या दारी बसवावेत. टेमघरच्या भिंतीपासून नोमपेन्हच्या घरांपर्यंत जे मोजले गेले तेच पाणी जागेवर राहिले आहे. चौकातील आमची गळती मात्र त्याआधीच मिटली. रस्ता रुंदीकरणात अळू उपटले गेले, वर काँक्रीट पडले, आणि पाणी दिसेनासे झाले. दुसऱ्या कचेरीने माझ्या अर्जावर ‘तक्रारीचे निराकरण झाले आहे, सबब प्रकरण दप्तरी दाखल’ असा शेरा मारल्याचे पत्र मला रीतसर मिळाले. शाळेपाशी आता रस्ता ओला असतो.

वाचकांस एवढीच विनंती, की आज रात्री झोपण्यापूर्वी घरातील यच्चयावत तोट्या मिटाव्यात, मीटर असल्यास त्याचे झाकण उघडावे, आणि आतील ती चांदणीच्या आकाराची बारीक चकती फिरते आहे की काय हे पाच मिनिटे उभे राहून पाहावे. फिरत असल्यास गळती तुमच्या उंबरठ्याच्या आत आहे. तिच्यासाठी कोणत्याही कचेरीत अर्ज घेत नाहीत, आणि प्लंबर रविवारी येत नाही.